आमची वाटचाल : दिवाळीनंतरची शेवंती

आमची रोपवाटिका खानापूर रस्त्याला आहे. सुरुवात तयार माल आणून विकण्यापासून झाली. दिवाळीच्या तोंडावर फुललेल्या शेवंतीच्या कुंड्या बाहेरून आणायच्या आणि बेळगावात द्यायच्या. फुलं सुकली की त्या कुंड्या परसात पडून राहायच्या. पण शेवंती एका हंगामाचं झाड नाही, ती बुंध्यातून दरवर्षी फुटते. हे गिऱ्हाइकाच्या घरीही घडावं म्हणून आम्ही स्वतःचे मदर प्लांट, म्हणजे ज्यांच्या शेंड्यांपासून नवी रोपं करायची ती राखीव झाडं, ठेवायला घेतले. आज सगळा धंदा त्यांच्यावर उभा आहे.

मदर प्लांटचं खरं काम रात्री चालतं. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधार लागतो. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या किंचितच वर जातो, त्यामुळे झाड पानं-फांद्या वाढवायच्या आधीच कळीवर येतं आणि कळीवर आलेल्या शेंड्याला मुळं नीट सुटत नाहीत. म्हणून वाफ्यावर रात्री १० ते २ बल्ब लावतो. पेपर वाचता येईल इतका उजेड पुरतो, मात्र अंधार मध्यावरच तुटला पाहिजे. हीच गोष्ट उलट्या बाजूने टिळकवाडीच्या बाल्कनीत दिसते. रस्त्यावरचा दिवा रात्रभर कुंडीवर पडतो, झाड हिरवंगार असतं आणि कळी येत नाही. अशा वेळी खत बदलून काही होत नाही, कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवावी.

दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते, कधी नोव्हेंबरच्या. त्यामुळे दरवर्षी आधी पंचांग बघतो आणि मागे मोजत जातो. लाईट बंद केल्यापासून फुलायला जातीप्रमाणे ७ ते १० आठवडे लागतात. फांद्या फुटाव्यात म्हणून शेंडे खुडतो, त्यातला शेवटचा शेंडा लाईट बंद करण्याआधी खुडलेला हवा. उशिरा खुडला तर फांद्या आखूड राहतात आणि फुलं सणानंतर येतात.

कटिंग शेंड्याचं, ५ ते ७ सेंटीमीटरचं घ्यावं. खालची पानं काढावीत, टोक मुळं फुटायला मदत करणाऱ्या रूटिंग पावडरीत बुडवावं आणि ट्रेमध्ये दोन सेंटीमीटर खोचावं. सावलीत, दमट हवेत दोन ते तीन आठवड्यांत मुळं धरतात. ट्रेमध्ये भरायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिळतं, पण खानापूर भागात भाताच्या गिरण्यांमुळे तूस मुबलक. काळी होईपर्यंत भाजलेली तूस कोकोपीटमध्ये निम्मी मिसळली की पाणी साचत नाही. कुंडीसाठी आमचं मिश्रण दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग भाजलेली तूस, आणि आठ इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत लावायचं असेल तर तूस आणि वाळू वाढवावी व रोप उंच वरंब्यावर ठेवावं. ही माती पाणी धरून ठेवते आणि शेवंती पाण्यापायी जितकी मरते तितकी तहानेने मरत नाही. मुळं कुजली की पानं माना टाकतात. ते बघून लोक आणखी पाणी घालतात आणि झाड जातं. बोट दोन इंच खुपसावं, आत कोरडं लागलं तरच पाणी द्यावं, तेही सकाळी आणि बुडाशी.

आपल्या पावसात दुसरा शत्रू म्हणजे पानावरचे तपकिरी-काळे ठिपके. ते खालच्या पानापासून वर चढतात. ती पानं तोडून जाळावीत, कुंड्यांत हवा खेळेल इतकं अंतर ठेवावं, आणि गरज पडली तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम फवारावं. कळ्यांवर काळा मावा दिसला की निंबोळी तेल ५ मिली आणि थोडा साबण लिटरभर पाण्यात घालून संध्याकाळी मारावं. कळीला रंग दिसू लागला की नत्राचं खत बंद, नाहीतर फूल मऊ पडतं आणि लवकर उतरतं. मोठ्या फुलाच्या जातीत फांदीला एकच कळी ठेवून बाजूच्या खुडाव्यात. गुच्छाच्या जातीत ही मेहनत नको.

प्रत्येक कुंडीबरोबर आम्ही चिठ्ठी देतो, मराठीत आणि कन्नडमध्ये. तिच्यात मुख्यतः फुलं संपल्यावर काय करायचं ते असतं, कारण दुकानात तेवढंच कुणी विचारत नाही. फांद्या मातीपासून चार बोटं ठेवून छाटाव्यात. जानेवारी-फेब्रुवारीत बुंध्याभोवती फुटवे येतात. मुळं असलेले कडेचे फुटवे अलगद सुटे करून नव्या मातीत लावावेत. मधला लाकडी झालेला गड्डा टाकून द्यावा, त्याला नेटकं फूल येत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन टाळावं आणि पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली ठेवू नये. जूनपासून शेंडे खुडायला लागावं. आमची मुळं धरलेली छोटी रोपं जुलैमध्ये मिळतात. फुललेल्या कुंडीपेक्षा ती बरीच स्वस्त पडतात, आणि आम्ही गिऱ्हाइकाला तीच घ्यायला सांगतो.