दीड महिन्यात तिसऱ्यांदा बॅटरी उतरली: जंप, चार्जर आणि घरातला चोर

सोमवार, सकाळ

किल्ली फिरवली आणि टक्-टक्-टक्-टक्. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. बॅटरीत सोलेनॉइड (सेल्फ मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढण्याइतका जीव असतो, पण सेल्फचा भार आला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा सावरतं, पुन्हा ओढतो. एकच जोरदार 'टक्' येऊन शांतता झाली असती तर मी आधी सेल्फवर संशय घेतला असता. मल्टिमीटर लावला: ११.४ व्होल्ट. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.४ म्हणजे बसलीच.

आधीच्या दोन वेळी जंप मारला (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून), गाडी सुरू झाली आणि विषय विसरलो. इंजिन धडधडायला लागलं की कारण शोधायचा उत्साह मावळतो, हे तुम्हालाही माहीत असेल. या वेळी ठरवलं, प्रत्येक पायरीला मोजायचं आणि लिहून ठेवायचं.

शेजारचे काका त्यांची गाडी घेऊन आले. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच आहेत ना, हे आधी पाहिलं. माझी फुगलेली, तडकलेली किंवा गळकी तर नाही ना, तेही पाहिलं. असती तर केबलला हातच लावला नसता. गाड्या एकमेकींना टेकू दिल्या नाहीत. दोन्ही न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, दिवे-पंखे बंद. डोळ्यांवर चष्मा. लाल चिमटा आधी माझ्या पॉझिटिव्हला, दुसरा लाल काकांच्या पॉझिटिव्हला, मग काळा काकांच्या निगेटिव्हला. चौथ्या चिमट्याशी आलो तेव्हा काका म्हणाले, "अरे, लाव की थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, एवढा लांब कुठे चाललास?"

"काका, शेवटच्या चिमट्याला ठिणगी पडते. ती बॅटरीजवळ नको."

तो इंजिन उचलायच्या हुकावर लावला, तोही निगेटिव्हशीच जोडलेला असतो. हूक चांगला जाड, बिनरंगाचा आणि बॅटरीपासून हात-दीड हात लांब. बॉनेटच्या सावलीत बारीक पिवळी-निळी ठिणगी स्पष्ट दिसली. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. स्फोट झालाच तर आम्लासकट तोंडावर येतो. काकांनी ठिणगी पाहिली आणि मुकाट्याने दोन पावलं मागे सरकले.

त्यांची गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, मगच सेल्फ मारला. तरी जड फिरला. दोन्ही टोकांना मीटर लावून पुन्हा मारला तर काकांच्या बॅटरीवर १२.८ आणि माझ्यावर जेमतेम १०. जवळपास तीन व्होल्ट वाटेतच गायब! गुन्हेगार माझी केबल. बाहेरून अंगठ्याएवढी जाड, पण आत तांब्याच्या नावाला चार तारा. सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल तर केबलचा एक शतांश ओहमसुद्धा दीड व्होल्ट खातो. शिवाय चिमट्याच्या दोन जबड्यांपैकी तार एकालाच जोडलेली निघाली, दुसरा नुसता स्प्रिंगवर. चिमटा उलटा केला, तार असलेला जबडा टर्मिनलवर घट्ट बसवला आणि गाडी लागली. तुमची केबल आजच बघून घ्या. मी नवी घेणार ती किमान १६ चौरस मिलिमीटरची आणि जबड्यांना जोडपट्टी असलेली.

काढताना बरोबर उलटा क्रम, आणि मोकळे चिमटे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. (हायब्रिड गाडीवाला मदतीला आला तर आधी त्याचं मॅन्युअल उघडा. बऱ्याच हायब्रिड दुसऱ्याला जंप द्यायला चालत नाहीत.)

मंगळवार

पूर्वी इथे मी अर्धा तास फिरून यायचो आणि बॅटरी भरली असं समजायचो. भरत नाही. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) हा वापरलेली वीज परत भरायला असतो, तळाला गेलेली बॅटरी वर काढायला नव्हे. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ४ अँपिअरने पूर्ण भरायला माझ्या चार्जरला अकरा तास लागले. अर्धवट भरलेली तशीच ठेवली की पट्ट्यांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग ते परत विरघळत नाही. प्लांटेने १८५९ मध्ये पहिली शिशाची बॅटरी केली तेव्हापासून हा रोग तोच आहे.

चार्जर काढल्या काढल्या १२.९ दिसलं, त्यावर भाळू नका. रात्रभर ठेवून सकाळी मोजलं तेव्हा १२.५५.

बुधवार: चोराचा शोध

खरी मजा इथे आली. बंद गाडीही बॅटरीतून किती करंट ओढतेय ते बघायला निगेटिव्ह केबल काढून मधे मीटर जोडला, १० अँपिअरच्या सॉकेटवर. दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने पाडून ठेवली, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंदच वाटतं. या जोडणीत किल्ली फिरवायची नाही. माझ्या मीटरचा एक फ्यूज याच मूर्खपणापायी गेलाय.

सुरुवातीला २.१ अँपिअर. घाबरायचं कारण नाही, गाडीतले मॉड्यूल (छोटे कॉम्प्युटर) झोपायला वेळ घेतात. वीस मिनिटांनी आकडा उतरला आणि ०.३१ वर अडून बसला. निरोगी गाडीत तो ०.०५ च्या आत हवा. हिशेब केला: दिवसाला जवळजवळ साडेसात अँपिअर-तास. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ गाडी उभी, म्हणजे अठरा-एकोणीस गेले. बॅटरी भरलेली असती तर निम्मी उरली असती आणि सेल्फ कसाबसा लागला असता. पण आधीच्या दोन जंपनंतर ती कधी भरलीच नव्हती.

फ्यूज एकेक उपटले की मॉड्यूल पुन्हा जागे होतात, म्हणून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टिंबांवर मिलिव्होल्ट मोजत गेलो. बहुतेकांवर शून्य. अकराव्यावर आकडा हलला. त्याच फ्यूजवरून मी स्वतः डॅशकॅमची तार काढली होती! किल्ली काढली तरी चालू राहणारा फ्यूज निवडला होता मी. तार इग्निशनच्या फ्यूजवर नेली, पुन्हा वीस मिनिटं वाट पाहिली: ०.०३.

शनिवार

पॉझिटिव्ह टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी जमली होती. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. कारण माझ्या दहाच्या पान्यावर कोरलेलं आहे: एकदा पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलो, पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं आणि तिथे तांदळाएवढा खड्डा पडला. सेलची (बॅटरीतल्या सहा कप्प्यांची) झाकणं घट्ट लावून खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ओतला. फेस थांबेपर्यंत थांबलो, धुतलं, पुसलं, ब्रशने घासलं, घट्ट आवळलं, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

हे नुसतं दिसण्यापुरतं नाही, पटावं म्हणून मोजलं. मीटरची एक काडी शिशाच्या खुंटीवर, दुसरी तिच्यावरच्या क्लँपवर, आणि सेल्फ मारला. साफ करण्याआधी ०.४२ व्होल्ट, नंतर ०.०३. एक सेंटिमीटरसुद्धा अंतर नाही, आणि तिथे एवढं अडत होतं.

दोन सेलमध्ये पाणी कमी होतं. डिस्टिल्ड वॉटर घातलं, पुन्हा चार्ज केलं, तासाभराने हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) बुडवला. पाच सेल १.२६५ ते १.२७० मध्ये. चौथा मात्र १.२२५. फरक ०.०५० च्या पलीकडे गेला की मी त्या बॅटरीवर भरवसा ठेवत नाही. इथे ०.०४५ पर्यंत आलाय आणि बॅटरीला साडेतीन वर्षं झाली आहेत.

आजचे बाकीचे आकडे: उभ्या गाडीत १२.५८, सेल्फ मारताना खालचा १०.३ (९.६ च्या खाली गेला असता तर विषयच संपला होता), इंजिन चालू असताना १४.२. गाडी आता मुद्दाम तीन रात्री हलवणार नाही. मंगळवारी सकाळी आधी चौथा सेल मोजतो, मग किल्ली.