एसटी आणि मोटारसायकल

एफ.वाय.बीएस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवायला लागून मला तेव्हा 9 वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावचं कॉलेज, वर्गात साठेक मुलं, निम्म्याहून जास्त मराठी माध्यमातून आलेली. मी फळा भरायचे, मुलं वहीत उतरवून घ्यायची. न्यूटनचा तिसरा नियम विचारला की मागच्या बाकावरचा मुलगाही इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवायचा.

एकदा तास संपायला थोडा वेळ होता म्हणून विचारलं, "एसटी आणि मोटारसायकल समोरासमोर धडकली. जास्त बल कोणावर लागलं?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मोटारसायकलवर!" क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात, हे वाक्य त्या वेळी फळ्यावरच होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा नियम लिहून, त्याचे मार्क घेऊन किती मुलं माझ्यासमोरून निघून गेली असतील?

शोधायला लागले तेव्हा हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची हकीकत वाचनात आली. 1990 च्या सुमारास त्यांनी बलाच्या मूळ कल्पनांवर एक साधी चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं होतं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला वाटतं तसं? माझ्या मुलांचंही नेमकं हेच होत होतं, फक्त त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर माझूर यांनी जी पद्धत बसवली ती मी उचलली. पर्यायी उत्तरांचा प्रश्न द्यायचा, मिनिटभर प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग सगळ्यांनी एकदम उत्तर दाखवायचं. साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तर वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याशी बोलायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. त्याहून कमी असतील तर आपण आधी परत समजावायचं.

आमच्याकडे बटण दाबून उत्तर नोंदवायचे क्लिकर कुठले! चार रंगांचं कार्डशीट आणून घरी 240 तुकडे कापले. कार्ड छातीशी धरायचं, म्हणजे मागच्याला दिसत नाही, हा नियम केला.

पहिले दोन आठवडे कठीण गेले. "आता एकमेकांना पटवून द्या" म्हटलं की वर्ग चिडीचूप. मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसायची, कारण थोड्या वेळाने मॅडमच उत्तर सांगतील हे त्यांना शाळेपासून माहीत होतं. उत्तर न सांगता उभं राहणं मला फार जड गेलं. मग एके दिवशी म्हटलं, "इंग्रजी राहू दे बाजूला. मराठीत बोला, घरी बोलता तसं." आणि वर्ग उघडला.

तोच एसटीचा प्रश्न होता. पहिल्या फेरीत 52 पैकी 17 बरोबर. बाकांमधून फिरताना एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "अगं, बल सारखंच. गाडी हलकी म्हणून उडाली. तुझं डोकं भिंतीवर आपटलं तर भिंतीलाही तेवढंच लागतं, ती मोडत नाही एवढंच." तेवढ्या वेळात वस्तुमान आणि त्वरण तिच्या हातात आलं होतं. मला 9 वर्षांत ही भिंत सुचली नव्हती. दुसऱ्या फेरीत 41 बरोबर.

सेमिस्टरच्या मध्यावर फीडबॅक आला: "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात." "नोट्स द्याव्यात." शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार वर गेली. मला लागलं. पुरावा विचारला गेला तेव्हा 2014 चा मोठा आढावा पुढे ठेवला: विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले 225 अभ्यास एकत्र केले तर नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी 33.8 टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 21.8. मुलांच्या तक्रारीचं उत्तर मात्र हार्वर्डच्याच 2019 च्या एका अभ्यासात सापडलं. तिथेही अशा वर्गातली मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण त्यांना स्वतःला कमी शिकल्यासारखं वाटत होतं. डोक्याला ताण पडला की आपल्याला येत नाही असं वाटतं. आता पहिल्याच तासाला मी हे मुलांना सांगते आणि नोट्सची मागणी खूपच कमी झाली आहे.

पोर्शनचं म्हणाल तर 48 मिनिटांत दोनच प्रश्न नीट होतात. सिद्धतेची दोन पानं आदल्या दिवशी झेरॉक्स करून देते. जडत्व आघूर्णासारख्या सिद्धता अजूनही फळ्यावरच करते. फळा सोडायलाच हवा असं मला मुळीच वाटत नाही. डिक्टेशन मात्र कायमचं गेलं.

सगळ्यात जास्त वेळ प्रश्न तयार करण्यात जातो. चुकीचे पर्याय मनाने रचले तर मुलं लगेच ओळखतात; ते मुलांच्याच चुकांतून घ्यावे लागतात. यंदा ऊष्मागतिकीची तयारी करते आहे. परवा वर्गात चिठ्ठ्या वाटून विचारलं, सायकलमध्ये हवा भरताना पंप का तापतो? 43 चिठ्ठ्या आल्या. तीसेक जणांनी लिहिलंय, "घर्षणामुळे." एकीने लिहिलंय, "हवा दाबली म्हणून, पण दाबल्यावर का तापते ते माहीत नाही." तिची चिठ्ठी वेगळी काढून ठेवली आहे. पहिला प्रश्न तिथूनच करायचा आहे.