न धुतलेलं दुपटं

शनिवार, जूनचा दुसरा आठवडा

सकाळपासून पाऊस धरून बसलाय. या दिवसांत दत्तक बाळ घरी आणणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. आज ती नीट लिहूनच ठेवते.

बाळाला घ्यायला जाताना आईबाबा हौसेने नवं झबलं, नवं दुपटं, नवी गोधडी नेतात आणि त्याचं जुनं सगळं संस्थेतच राहतं. जीव तुटतो माझा. माणसं, खोली, आवाज, सगळं एका दिवसात बदलतं. ओळखीचा उरू शकतो तो वास. म्हणून आठवडाभर आधी विचारावं, बाळ रोज ज्यावर झोपतं ते दुपटं बरोबर द्याल का? मिळालं तर किमान दोन-तीन आठवडे धुऊ नये. घरातल्या आजी ते पहिल्याच संध्याकाळी कढत पाण्यात टाकतात, तेव्हा त्यांना आदल्या दिवशीच समजावून सांगावं. मुंबईच्या पावसात कापड दोन दिवसांत कुबट होतं. रोज थोडा वेळ पंख्याखाली पसरलं की पुरे. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर झोपताना तोंडाजवळ सैल कापड नको, ते खांद्यावर टाकून बाळाला घ्यावं. अंगावर खरूज दिसली तर मात्र आधी डॉक्टर, आणि दुपटं गरम पाण्यात धुवायचंच.

संस्थेत बाळाला सांभाळणाऱ्या मावशींशी अर्धा तास बोलायला मिळाला तर वही घेऊन बसावं. दूध कुठलं, किती वाजता, किती? थोपटतात की झुलवतात? काय म्हणून हाक मारतात? बाटलीच्या निपलचं भोकसुद्धा बघून घ्यावं. मोठ्या भोकाची सवय असलेलं बाळ बारीक भोकाने दमतं, अर्ध्यावर दूध सोडतं आणि घरचे आजारी समजून घाबरतात. पावडरचा डबा तोच आणावा. चमचा सपाट, पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. दाबून भरला तर शी कडक होते, पाणी वाढवलं तर वजन अडतं.

झोपेचं वेगळंच. संस्थेत ओळीने पाळणे, रात्रभर दिवा, कुणी ना कुणी रडत असतं. आपण खोली शांत आणि काळोखी करून ठेवतो, आणि बाळ दचकून उठतं. झिरोचा दिवा चालू राहू दे, स्वयंपाकघरातली भांडी वाजू देत. रुळांलगतच्या चाळीत लोकलचा आवाज म्हणजे उलट सोबतच.

चालतं-बोलतं मूल असेल तर उशीखाली बिस्किटाचे तुकडे, गालात न गिळलेला घास हे दिसेल. रागावू नका हो. खाणं परत मिळेल याची त्याला अजून खात्री नाही. त्याचा हात पोचेल अशा जागी डबा ठेवावा, त्यात दोन बिस्किटं, थोड्या लाह्या, आणि रिकामा झाला की त्याच्यासमोर भरावा. खात्री पटली की लपवणं हळूहळू थांबतं, पण त्याला महिनेही लागू शकतात.

शेजारी म्हणतात, ‘लगेच रुळलं की! सगळ्यांकडे जातं.’ ऐकायला गोड वाटतं, पण कुणाकडेही जाणाऱ्या मुलाला आपलं माणूस कोणतं ते अजून कळलेलं नसतं. पहिले काही आठवडे भरवणं, अंघोळ, झोपवणं आईबाबांनीच करावं. आजी-आत्या-मावशींनी आईबाबांना जेवू घालावं, कपडे वाळवावेत, पाण्याची वेळ सांभाळावी. पाहुण्यांना महिन्याभराने बोलवावं.

कागदोपत्री आधी दत्तकपूर्व संगोपन, म्हणजे दत्तक पक्कं होण्याआधीच बाळ आपल्या घरी राहायला येतं, मग दत्तकाचा आदेश. ताबा मिळाल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येते. तिच्यासाठी घर चकाचक करू नये. बाळ रात्री तीनदा उठतं हे तिला सांगावं, मदत तिथूनच सुरू होते.

नावाचं राहिलंच. संस्थेतल्या मावशी ‘चिमी’ म्हणत असतील तर कागदावर मीरा लागू दे, पण हाक दोन्ही जोडून मारावी, ‘चिमी, मीरा.’ नुसत्या मीरावर मान वळायला लागली की चिमी आपोआप मागे पडते. नाही पडली तर घरातलं लाडाचं नाव म्हणून राहू दे.