हलकं काम

चैत्रातल्या यात्रेत गाडा जुंपताना बैल उधळला आणि आमच्या कारखान्यातला प्रेस ऑपरेटर शर्यतीच्या घाटात पार फरपटत गेला. उजवं मनगट मोडलं. सोमवारी फर्स्ट शिफ्टलाच गळ्यात हात अडकवून तो टाइम ऑफिसला हजर, मागे सुपरवायझर. "साहेब, इथंच लागलं असं लिहा ना. पोरगं कामाला चांगलंय."

मागण्यात हिशेब होता. कामावर इजा झाली तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, सरासरी मजुरीच्या 90 टक्के देतं. शेतात नाहीतर यात्रेत लागलं तर तो आजारपणाचा लाभ: 70 टक्के, वर्षाला फार तर 91 दिवस, त्यात पहिले दोन दिवस कोरडे. याचा रोज सहाशे. म्हणजे 540 ऐवजी 420. खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही घुटमळलो. पण अपघाताचा रिपोर्ट करायचा तर कुठलं मशीन, किती वाजता, साक्षीदार कोण, सगळं रचावं लागतं. आणि याच्या फरपटण्याचा व्हिडिओ शनिवारी रात्रीच अख्ख्या शॉपच्या मोबाइलवर फिरलेला! मी तेवढंच म्हणालो. तोही हसला.

सात आठवड्यांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन आला. कामावर येण्यास हरकत नाही, चार आठवडे हलकं काम द्यावं. प्रेसवर बसवायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय आमच्या प्रेसचा रॅम, म्हणजे वरचा दाबणारा ठोकळा, खाली येत नाही. हात डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, राहू नये म्हणून ती सोय. एकाचा हात दुखरा असला की शेजारचा दुसरं बटण दाबून मदत करतो, आणि बोटं जातात ती अशाच मदतीत. म्हणून त्याला इन्स्पेक्शनला टाकला. बसायचं, गेज लावायचा, खराब माल बाजूला काढायचा. याहून हलकं काय?

दुपारी चहाच्या वेळी सहज तिकडे गेलो, तर गडी डावा हात आणि गुडघा लावून क्रेट टेबलावर चढवत होता. तो क्रेट मी डिस्पॅचच्या काट्यावर ठेवायला लावला. 22 किलो. पाळीत असे चाळीसेक. दहा वर्षं या खात्याला मी 'बसून काम' म्हणत आलो होतो!

क्रेट उचलायला हेल्पर दिला, तसं लिहून सुपरवायझरची सही घेतली. जागेवर येऊन बसतोय तोच इन्स्पेक्शनमधले जुने मामा दारात.

"साहेब, त्यानं यात्रेत हात मोडून घेतला, त्याला हेल्पर. मी एकोणीस वर्षं तुमचेच क्रेट उचलतोय. हा बघा खांदा." हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला.

"सर्टिफिकेट आहे का?"

"डॉक्टर विचारतात, कधी लागलं? काय तारीख सांगू?"

माझ्याकडचा फॉर्मही तेच विचारतो. मी गप्प बसलो, मामा पाणी पिऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर दवाखान्यात मीच गेलो. क्रेटचं वजन आणि पाळीतली संख्या चिठ्ठीवर लिहून नेली होती. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली, मग एक्स-रे लिहून दिला.

पोरगं आता परत प्रेसवर आहे. पुढच्या यात्रेची रजा आत्ताच मागून ठेवलीय.