पहिली वेलांटी की दुसरी?

वाचनालयातून आणलेल्या दिवाळी अंकात लिहायचं नसतं. म्हणून मी दरवर्षी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तेरा बाय तेराचा चौकोन आखते, काळी घरं पेन्सिलीने भरते आणि मगच शब्दकोड्याला बसते. आखण्यातच पाऊण तास जातो. सासूबाई म्हणतात, "एवढ्या वेळात चकल्यांचा एक घाणा निघाला असता."

आमच्या आधी अंक नेणाऱ्याला मात्र असला काही विधिनिषेध नव्हता. निळ्या बॉलपेनने थेट अंकातच तीन उत्तरं ठोकलेली. यंदाचं कोडं सगळं मराठी साहित्याचं होतं, आणि पहिलंच आडवं शोधसूत्र होतं: 'धाकट्या भावंडाच्या नावावर मोठा झालेला कवी (५)'. त्यात निळ्या शाईत 'गोविंदाग्रज'. बरोबरच वाटलं. राम गणेश गडकऱ्यांनी गोविंद या धाकट्या भावावरूनच ते नाव घेतलं होतं. मी मुकाट्याने माझ्या चौकटीत उतरवून घेतलं आणि तिथेच फसले.

कारण तिसऱ्या घरातून एक उभा शब्द खाली जात होता: 'एक भाऊ गीतांचा, एक गोष्टींचा, आडनाव एकच (६)'. 'दा'ने सुरू होणारी सहा अक्षरी आडनावं शोधत मी स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत आले. दाभोळकर पाचच. दांडेकरांना अनुस्वार. शेवटी सासूबाईंनी मटार सोलता सोलता विचारलं, "गीतांचा आणि गोष्टींचा? अगं, माडगूळकर की!" आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. 'दा' नव्हे, 'मा'. गोविंदाग्रज नव्हे, कुसुमाग्रज. शिरवाडकरांनीही धाकट्या बहिणीच्याच, कुसुमच्या नावावर टोपणनाव घेतलं. दोन्ही नावं पाच घरांची, दोन्हींची शेपटी 'ग्रज'. कोडं रचणारा माणूस पक्का बेरकी. 'भाऊ' न म्हणता 'भावंड' म्हणाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी पोस्टात काउंटरवर असते. दिवसभर लोकांकडून पिनकोडचे सहा आकडे चौकटीत नीट लिहून घेते, त्यामुळे घर चुकलं की मला चैन पडत नाही. मराठी कोड्यात तर एका घरात मावतं तरी किती! 'स्मृ' एवढं सगळं एकाच घरात, आणि 'ग'लाही तेवढंच घर. बिचाऱ्या 'बी' कवींना मात्र शब्दकोड्यात जागाच नाही. एका घराचा शब्द कोण घालणार? त्यांचा 'चाफा' तेवढा दोन घरांत आला होता: 'बोलेना, चालेना (२)'.

खरी कुस्ती झाली ती खालच्या डाव्या कोपऱ्यात. आडवं सूत्र: 'मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारा राजा (३)'. हे काय विचारायचं? मी झटकन लिहिलं, 'ययाती'. शेवटच्या घरातून उभा शब्द जात होता, ते त्याचं दुसरं अक्षर: 'राणीची नामराशी, पण हिची लढाई घरातली, तिने काय लिहिलं? (४)'. म्हणजे दुसरं अक्षर 'ती'. झाशीच्या राणीच्या पलीकडे मी जाईचना. जिजाबाई, ताराबाई, अहिल्याबाई करत सगळा इतिहास फिरून आले. 'प्रतीक्षा' बसवून पाहिलं तर एक घर उरलं. अर्धा तास गेला.

सासूबाईंनी चष्मा लावून कॅलेंडर स्वतःकडे ओढलं. त्यांचं माहेर शिरोडा. 'ययाती' लिहिणारे वि. स. खांडेकर तिथल्या शाळेत १९३८ पर्यंत शिकवत होते. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांचे मोठे काका खांडेकरांच्या हाताखाली शिकले, म्हणून घरात खांडेकर कुणी म्हणतच नाही, मास्तर म्हणतात.

"मास्तरांच्या पुस्तकावर तू दुसरी वेलांटी का दिलीस?"

"आई, शेवटचं अक्षर दीर्घच असतं."

"आता असतं. आमच्या वेळी कवि, मति, ययाति, सगळ्यांना पहिली. कपाटातलं काढ आणि बघ."

काढलं. कव्हरवर 'ययाति'. कादंबरी १९५९ची, आणि शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा नियम सरकारने मान्य केला १९६२ मध्ये. पुस्तक नियमाच्या आधीचं, सासूबाईंची मॅट्रिकही आधीची. त्यांच्या हाताला अजून तीच सवय आहे. वाण्याच्या यादीतही 'रवि' असंच लिहितात.

'ती' खोडून 'ति' केलं. समोर चार घरं, दुसरं 'ति'. सासूबाईंनी बोलायच्या आधीच मला दिसलं: स्मृतिचित्रे! लक्ष्मीबाईच, पण रेव्हरंड टिळकांच्या, आणि हे त्यांचं आत्मचरित्र. नवऱ्याने धर्म बदलला, तेव्हापासून घरातल्या घरात केवढी लढाई ती. आणि समासात आलेली 'स्मृति' आजच्या नियमानेही पहिलीच. म्हणजे रचणाऱ्याने ते घर मुद्दाम जुळवलेलं होतं. रोजच्या पेपरातलं कोडं असल्या बाबतीत काणाडोळा करतं, ति काय आणि ती काय. हा गृहस्थ मात्र मुद्रितशोधक असावा.

सासूबाई त्यानंतर तासभर फारच ताठ बसल्या होत्या. मग 'दया पवारांचं आत्मकथन (३)' आलं. त्यांनी पेन्सिल घेऊन स्वतःच लिहिलं, 'बलुते'. त्या शेवटच्या घरातून खाली जाणारं गाव होतं: 'सरस्वती महाल ग्रंथालयाचं (४)'. म्हणजे तंजावर, भोसल्यांचं. तिथल्या राजांनी मराठीत नाटकं लिहिली. पण 'तेंजावर' कसं होणार?

"आई, अनुस्वार. बलुतं."

"बोलताना गं. लिहिताना बलुते."

"त्यांनी पुस्तकावरच बोलल्यासारखं लिहिलंय."

सासूबाई कॅलेंडरकडे बघत राहिल्या. मग मात्रा खोडायला खोडरबर मागितला आणि म्हणाल्या, "हे पुस्तक मी वाचलेलं नाही. आहे का आपल्याकडे?" आमच्याकडे नाही. वाचनालयातून आणायचं ठरलं.

शनिवारी अंक परत करायला गेले. निळ्या शाईतलं 'गोविंदाग्रज' खोडायला हात शिवशिवत होते, पण नियम म्हणजे नियम. रांगेत उभी असताना पेन्सिल काढली आणि 'दा'च्या डोक्यावर अगदी बारीक, पुसता येईल असा, 'मा' लिहून ठेवला.