गेंड्याच्या शिंगांच्या जप्तीची माहिती मिळवताना: माझा अनुभव

‘तपासात बाधा येईल.’ माझं काम सगळ्यात जास्त अडलं ते या उत्तरापाशी. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात किंवा काझीरंगात काय घडतंय, ते पणजीत बसून बरंचसं कळतं. पण आपल्याच देशातल्या विमानतळांवर आणि बंदरांत गेंड्याची किती शिंगं पकडली, कधी, किती वजनाची, एवढं विचारलं की एका केंद्रीय कार्यालयाकडून तेच एक वाक्य यायचं. मी अजून त्यावर चिडलेली आहे. म्हणून बाकीचे टप्पे आधी उरकून टाकते.

वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराचा व्यापार डेटाबेस घरबसल्या फुकट उतरवून घेता येतो. तो कायदेशीर व्यापाराचा आहे, हे पक्कं ध्यानात ठेवा. नुसतं ‘शिंग’ निवडलं तर ट्रॉफी, म्हणजे शिकारीची आठवण, म्हणून गेलेली शिंगं निसटतात. एककाचा रकाना रिकामा असेल तर आकडा नगांचा समजायचा, किलोंचा नाही. आयात करणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्या देशाचे आकडे जुळत नाहीत, कारण काही देश दिलेल्या परवान्यांवरून अहवाल भरतात आणि काही प्रत्यक्ष गेलेल्या मालावरून. चोरट्या व्यापाराचे वार्षिक अहवाल सायटीसच्या सचिवालयाकडे वेगळे जातात, पण ते सरसकट जाहीर होत नाहीत. सीमाशुल्काच्या ०५०७ १० या संकेतांकाचाही उपयोग नाही. त्यात हस्तिदंत, इतर प्राण्यांचे सुळे, गेंड्याची शिंगं सगळं एकत्र येतं. तेव्हा भारतातल्या जप्त्यांची माहिती भारतातच, माहिती अधिकारात मागावी लागते.

पहिली अडचण म्हणजे अर्ज कुणाकडे करायचा. महसूल गुप्तचर संचालनालयाला, म्हणजे डीआरआयला, माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सूट आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन सोडून त्यांच्याकडे काही मागता येत नाही. पण डीआरआयने पकडलेल्या मालाचं प्रकरण निवाड्यासाठी सीमाशुल्क आयुक्तालयाकडे जातं आणि आयुक्तालयाला ही सूट नाही. म्हणून अर्ज आयुक्तालयाकडे करायचा, आणि त्यात ‘तपासाची माहिती’ हे शब्द येऊ द्यायचे नाहीत. ऑर्डर-इन-ओरिजिनलचा, म्हणजे निवाड्याच्या मूळ आदेशाचा, क्रमांक आणि तारीख, आणि जप्त मालाच्या गोदाम नोंदवहीतले रकाने, एवढंच मागायचं.

ऑनलाइन अर्जाच्या चौकटीत ३,००० अक्षरं मावतात. जास्त असेल तर पीडीएफ जोडा. टपालाने पाठवत असाल तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर ‘अकाउंट्स ऑफिसर’च्या नावे काढा. प्रश्न ‘का’ने सुरू करू नका, कारणं सांगायला जनमाहिती अधिकारी बांधील नाही आणि तेवढं निमित्त त्याला पुरतं.

आता तो नकार. कलम ८(१)(ज) म्हणतं की ज्या माहितीमुळे तपासाला किंवा गुन्हेगारांना पकडण्याला वा त्यांच्यावरच्या खटल्याला अडथळा येईल ती नाकारता येते. ‘येईल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खटला चालू आहे, एवढं कारण पुरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ च्या ‘भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त’ प्रकरणात स्वच्छ सांगितलंय की अडथळा नेमका कसा येणार, हे अधिकाऱ्याने दाखवायला हवं. कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच. असं असूनही छापील उत्तर येतं: कलमाचा आकडा, खाली सही, कारण शून्य. कुठल्या विमानतळावर किती किलो शिंग पकडलं हे कळल्यामुळे निकाली निघालेल्या प्रकरणातला कुठला आरोपी निसटणार आहे? पत्रकार परिषदेत त्याच शिंगांचे फोटो दिलेले असतात!

यावर उपाय असा. एकाच अर्जात दोन भाग करा: ‘अ’मध्ये अंतिम निवाडा झालेली प्रकरणं, ‘ब’मध्ये चालू प्रकरणं. ‘ब’ नाकारलं तरी ‘अ’ला ते कलम लावता येत नाही. दोन्हींत कलम १०चा आधार घेऊन लिहा की आरोपी, खबरी, पंच यांची नावं आणि पत्ते काळे करून उरलेलं द्या. हा आग्रह मनापासून धरा, खबऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करायचं. त्याचा निर्णय ३० दिवसांत, फार तर कारण नोंदवून ४५ दिवसांत यायला हवा. माझ्या अपिलावर मूळ उत्तरच पुन्हा टंकून आलं. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील. इथे बरेच लोक दमतात, कारण कागद परत येतात. प्रत्येक पानावर स्वतःची सही, पानांचे क्रमांक, अनुक्रमणिका, आणि अपिलाची प्रत दोन्ही अधिकाऱ्यांना पाठवल्याचा टपालाचा पुरावा, यांतलं काही राहिलं की झालं. सुनावणीला दिल्लीला जावं लागत नाही, नोटिशीत दिलेल्या जागेवरून व्हिडिओ कॉन्फरन्सने होते. सोबत एका पानाचा लेखी जबाब ठेवा. बोलायला वेळ थोडा मिळतो.

मधल्या काळात ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे दुसरं उत्तरही येतं. मग अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी मागा. पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये, झेरॉक्स पानाला २ रुपये. पाहणी मागितली की संकलनाचा बहाणा उरत नाही.

आयोगाच्या आदेशानंतर तक्ता हाती आला, नावं काळी केलेला, पण तारीख, ठिकाण, नग, वजन, कुठून कुठे हे सगळं असलेला. हे कागद मिळवल्याचा मला अभिमान आहे.

एक आधीच सांगायला हवं होतं: अर्ज करण्यापूर्वी संसदेतली प्रश्नोत्तरं शोधा. पर्यावरण मंत्रालयाच्या अतारांकित प्रश्नांच्या उत्तरांना राज्यवार जप्तीचे तक्ते जोडलेले असतात. ते जाहीर झालेलेच असल्याने अपिलात जोडता येतात. ‘हे सभागृहात सांगता, मग मला का नाही’ हा युक्तिवाद फार चालतो.

‘गोव्यात गेंडे कुठे आहेत?’ असंही ऐकावं लागतं. १५१५ साली लिस्बनला गेलेला गेंडा गोव्यातूनच जहाजावर चढला होता, आणि १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार इथूनच चालायचा. त्याच मोझांबिकची हद्द आज क्रुगरला लागून आहे.

तक्ता हाती आल्यावर वजनं नीट तपासा. पंचनाम्यातलं वजन पुष्कळदा वेष्टनासह असतं, प्रयोगशाळेतलं निव्वळ. पांढऱ्या गेंड्याच्या दोन शिंगांचं मिळून वजन साडेपाच-सहा किलोंच्या आसपास धरतात, काळ्याचं त्याच्या निम्म्याहून कमी, आणि आपल्या एकशिंगीचं एकुलतं शिंग आणखी हलकं. त्यामुळे किलोंवरून मेलेले गेंडे मोजताना जात माहीत नसेल तर मोजूच नका. एकच जप्ती पोलीस, वनखातं आणि वर्तमानपत्रं यांत वेगवेगळी दिसते. तारीख, ठिकाण आणि नग जुळवून एक करा. जुन्या बातम्यांसाठी पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय उपयोगी पडतं. खटल्याचं पुढे काय झालं, ते न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर अधिनियमानुसार शोधता येतं, जिल्हा एकेक करून.

जप्त्या वाढल्या म्हणजे व्यापार वाढला, असं लिहू नका. एखाद्या विमानतळावर नवा स्कॅनर किंवा श्वानपथक आलं तरी आकडा चढतो. भावाचे आकडे तर मी छापतच नाही: शिकाऱ्याला मिळणारा भाव, घाऊक भाव आणि कोरलेल्या वस्तूचा भाव यांची सरमिसळ झालेली असते, आणि ते वाचून नवे हात या धंद्याकडे वळतात. गिऱ्हाईक असल्याचं भासवून विक्रेत्याशी बोलणं तर अजिबात नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तुम्हीच अडकाल आणि चालू असलेला खरा तपास बिघडेल. काही हाती लागलं तर वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोला कळवा.

आणि तक्त्यात ‘प्रयोगशाळा अहवाल’ हा रकाना मागायला विसरू नका. म्हशीचं शिंग तासून केलेले नकली नग पुष्कळ सापडतात. २०२१ मध्ये आसामने बोकाखातला २,४७९ शिंगं जाळली, त्याआधी साठ्यातल्या एकूण एक शिंगाची पडताळणी केली होती. ज्या जप्तीसमोर अहवाल नाही, ती मी ‘संशयित’ म्हणून वेगळी ठेवते आणि बेरजेत धरत नाही.