तोआमासिनाच्या दिव्याखालचे भेक

मादागास्करची राजधानी अंतानानारिवोहून निघालेला दोन नंबरचा राष्ट्रीय महामार्ग साडेतीनशेएक किलोमीटर वळणं घेत पूर्वेच्या समुद्राला भिडतो. वाटेत अंदासिबेचं जंगल लागतं. तिथे झाडांच्या शेंड्यांवरून इंद्री जातीच्या लेमूरांची लांबलचक हाक ऐकली आणि अंगावर काटा आला. तरी मला ओढ होती ती तोआमासिना बंदराची, कारण तिथे मला भेक पाहायचे होते.

भेक म्हणजे आपलाच, पावसाळ्यात मोरीपाशी नाहीतर विजेच्या खांबाखाली किडे टिपत बसणारा, अंगभर काळ्या टोकांच्या गाठी असलेला. शास्त्रीय नाव डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. मादागास्करमध्ये बेडकांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास सगळ्या जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. मात्र भेकांचं कूळ या बेटावर कधीच नव्हतं. २०१४ साली तोआमासिनाच्या आसपास हे प्राणी अभ्यासकांच्या नजरेस पडले, तेव्हा ते चांगलेच पसरलेले होते.

संध्याकाळी पाऊस ओसरल्यावर मुक्कामाच्या घराबाहेर गेलो. दिव्याखाली चार-पाच जण बसलेले होते आणि गटारातून नरांचा तो न थांबणारा कुर्रर्र आवाज येत होता. डोळे मिटले असते तर कोकणातच आहे असं वाटलं असतं. घराच्या मालकीणबाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुमच्याकडूनच आले ना हे?"

प्रश्न रास्त होता. उत्तर भेकांच्या पेशींत आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातला डीएनए आईकडूनच पिल्लांत उतरतो, त्यामुळे त्यावरून घराण्याचा माग काढता येतो. बाहेरून एकसारखा दिसणारा हा प्राणी आतून तसा नाही. आशियाची मुख्य भूमी, म्यानमारची किनारपट्टी आणि सुमात्रा-जावाकडची सुंदा बेटं इथल्या भेकांच्या वंशरेषा फार जुन्या काळी एकमेकींपासून फुटल्या आहेत. ही एकच जात मानायची की अनेक, असा प्रश्न पडावा इतकं हे अंतर आहे. तोआमासिनाच्या भेकांचे नमुने तपासले तेव्हा सगळ्यांचा तो डीएनए हुबेहूब एकच निघाला, आणि तो जुळला व्हिएतनाम-कंबोडियाकडच्या भेकांशी. म्हणजे हे भारतातून आलेले नाहीत. बहुधा त्या बाजूच्या एखाद्या बंदरातून, मालाच्या कंटेनरमधून, मोजकेच जीव उतरले असावेत. बाईंना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण विषारी भेक खाऊन कोंबड्या मरतील ही काळजी काही त्यांच्या चेहऱ्यावरून गेली नाही.

मला या निष्कर्षाचं फार अप्रूप वाटतं. एरवी विविधता नसणं ही उणीव. इथे तीच पुरावा झाली. जिथे जात हजारो वर्षं नांदते तिथे गावागणिक थोडा थोडा फरक साठत जातो. इथे तो साठायला वेळच मिळालेला नाही. आणि तरीही संख्या वाढतेच आहे, कारण एक मादी एका वेळी हजारो अंडी घालते, आणि खाणारं कुणी नाही.

खाणारे आहेत, पण खाल्लं तर मरतील. भेकाच्या कातडीतलं विष हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे क्षारांचे कण पेशीच्या आत-बाहेर करणारं प्रथिन, बंद पाडतं. आशियात भेक खाणाऱ्या कित्येक सापांच्या या पंपात असे बदल झालेले आहेत की विष त्यांना बाधत नाही. भेकांच्या सोबतीने लाखो वर्षं काढल्याची ती कमाई आहे. मादागास्करच्या सापांना, सरड्यांना, टेनरेक नावाच्या छोट्या सस्तन प्राण्यांना ती संधी कधी मिळालीच नाही. २०१८ साली तिथल्या अनेक शिकारी प्राण्यांची जनुकं तपासली गेली. त्यांत विष पचवू शकेल असा एकच निघाला, आणि तो एक स्थानिक उंदीर होता.

दुसऱ्या दिवशी पांगालान कालव्यातून नावेने दक्षिणेकडे गेलो. किनाऱ्याला समांतर शेकडो किलोमीटर जाणारा हा पाणरस्ता. काठाच्या उथळ, संथ पाण्यात भेकांच्या अंड्यांच्या, काळ्या मण्यांसारख्या लांब माळा दिसतात का, हेच मी वाटभर बघत होतो. एका भातखाचराच्या कडेला त्या दिसल्या. नावाड्याला दाखवल्या, तर त्याने पुढच्या गावाकडे बोट केलं: तिकडेही आहेत.